डाव्या बाजूचा पत्रा

बाबा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. रोह्याच्या मामाच्या भातगिरणीमागे एक जुनी फोर-व्हील जीप पडून होती. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती ओढून पेणला आणली.

२. इंजिन, ब्रेक आणि चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा मी दुरुस्त केली.

३. डाव्या बाजूचा खालचा पत्रा गंजून गेला होता. तो तुम्ही भरलात. मला न विचारता, प्लास्टरने.

४. त्या वर्षी गणपतीत तुम्ही मला जीप खाडीकाठच्या खारात, आत्याच्या गावी न्यायला सांगितलं. मी नेली नाही. जे कारण सांगितलं ते खरं नव्हतं.

५. थंडीत तुम्ही गेलात.

६. जीप माझ्याकडे आहे. चालते.

७. यंदा डाव्या बाजूचा रंग फुगला. आत गंज पुढे सरकला आहे. तुम्ही भरलेला भाग कापायचा की ठेवायचा, हे पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरला शनिवारपर्यंत सांगायचं आहे.

हे वाचून तुम्ही म्हणाला असता, "रिपोर्ट लिवलास की गो." लिहिला खरा. डोलवीच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, दर शिफ्टच्या शेवटी असाच लिहावा लागतो. काय बिघडलं, कुणी पाहिलं, काय केलं. का बिघडलं हा रकाना शेवटी असतो आणि तिथे आम्ही सगळेच थोडक्यात आवरतो. या पत्रात मी तो रकाना पूर्ण भरायचा प्रयत्न करते आहे.

जीप पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या टपावर कोंबड्या बसलेल्या होत्या. गिरणीच्या पत्र्याचं पाणी वर्षानुवर्षं तिच्या डाव्या अंगावर गळत आलेलं, म्हणून उजवी बाजू बरी आणि डावीचा दाराखालचा पत्रा बोट लावलं की चुरा. मामा म्हणाला, "भंगारवाला पण बघून गेला, न्यायला तयार नाय. तू ने." मी खाली शिरून पाहिलं तर पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टच नव्हता. डिझेल वाचावं म्हणून कुणीतरी काढून ठेवलेला. म्हणजे नावाला फोर-व्हील, ओढणार फक्त मागची दोन चाकं. मामाला विचारलं तर त्याला असला काही भाग असतो हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्यासोबत आला होतात. तुम्ही डाव्या पत्र्यावरून एकदा हात फिरवलात. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्तीवरून फिरवायचात तसा.

शाफ्ट तुम्हीच शोधलात. मी जुन्या बाजारात विचारत फिरत होते आणि तुम्ही एका रविवारी काही न सांगता रोह्याला गेलात. दुपारच्या पॅसेंजरने परत आलात ते खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं लांबडं लोखंड घेऊन. मामाने तो शाफ्ट गोठ्याच्या दाराला आतून अडसर म्हणून लावलेला होता. "त्याला बोललो, दार कशानं लावशील ते तू बघ, हा डांडा माझ्या पोरीचा हाय," तुम्ही सांगत होतात. आईने विचारलं, गाडीत कुणी अडवलं नाही का. तुम्ही म्हणालात, "टीसीनं इचारलं ना, काय हाय ह्ये? बोललो, पोरीचं आंदण हाय." आई हसली नाही. तिला माझ्या लग्नाचा विषय असा लोखंडावरून निघालेला आवडला नाही. मी गोणपाट सोडून सांधे तपासत होते. सांधे चांगले होते. मी "चालेल" म्हणाले. त्या दिवशी तुमच्या खांद्यावर वळ उठला होता, तो मी पाहिला आणि त्याबद्दल काही विचारलं नाही.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये शेठनी जागा दिली ती तुमच्या शब्दावर. एका बाजूला न रंगवलेले पांढरे गणपती ओळीने, दुसऱ्या बाजूला माझी जीप. मी नियम घालून दिले होते. डब्यातले नट-बोल्ट कुणी हलवायचे नाहीत. मला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत उलट्या बादलीवर येऊन बसायचात, हात मुद्दाम पाठीमागे बांधून. "सायबीण बाई, बसू काय?" असं आधी विचारायचात. कारखान्यातली माणसं तुम्हाला चिडवायची, "पोरगी मेकॅनिक झाली, आता बाप्पाच्या उंदराला इंजिन बसव." तुम्ही म्हणायचात, "बसवील. पण डिझेल तुम्ही भरा."

चारही चाकं जॅक लावून लाकडी ठोकळ्यांवर उचलली तो दिवस मला नीट आठवतो. पुढच्या चाकांना ताकद जोडून देणारे हब हाताने फिरवून लॉक केले, चारही चाकांचा छोटा गिअर टाकला, क्लच हळू सोडला. मी आत बसले आहे, मला पुढची चाकं दिसत नाहीत. तुम्ही समोर उभे आहात. तुमच्या तोंडाकडे पाहूनच मला कळतं. "फिरतायत! पुढची पण फिरतायत की गो!" तुम्ही ओरडता, आणि कारखान्यातली सगळी माणसं पांढऱ्या हातांनी शेडमध्ये येतात. मी इंजिन बंद करते. उतरते. हब गरम झालेत का ते हात लावून पाहते. माझ्या वयाची दुसरी कुणी असती तर त्या क्षणी वडिलांकडे पाहून हसली असती.

आता तिसरा मुद्दा. परीक्षेसाठी मी वसतिगृहावर राहिले. ठरवलं होतं, आल्यावर डाव्या बाजूचा सडलेला पत्रा कापायचा, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकले होते, तर नवा पत्रा स्वतः जोडायचा. परीक्षा संपवून आले, शेडमध्ये गेले, तर डावी बाजू अखंड होती. दाराखालची कड सरळ, कोपरा गोल, उजवीसारखा तंतोतंत. रंगसुद्धा तुम्ही स्वतः मिसळून जुन्या रंगाशी जुळवलेला, उन्हाने उडालेला हिरवा, जो कुठल्याच डब्यात मिळत नाही. तुम्ही बादलीवर बसला होतात. हात पाठीमागे बांधलेले नव्हते.

"जोड कुठं हाय, दाखव," तुम्ही म्हणालात.

मी खाली बसले. बोटं फिरवली. नखाने चाचपलं. उजेड तिरका पडावा म्हणून डोकं जमिनीला टेकवून पाहिलं. पत्रा कुठे संपतो आणि तुमचं काम कुठे सुरू होतं ते मला सापडलं नाही. मग बोटाने ठोकलं. उजव्या बाजूचा पत्रा वाजायचा. इथे आवाज मेलेला आला. काथ्या घातलेलं प्लास्टर. तुम्ही गणपतीची पाठ भरावी तशी माझी जीप भरली होती.

मला सगळं एकदम दिसलं. प्लास्टर पाणी ओढून धरतं. वरून कितीही ऑइल पेंट मारला तरी मागच्या बाजूने चाकाचं पाणी उडणार, आणि प्लास्टर ते पत्र्याला चिकटवून ठेवणार. गंज थांबण्याऐवजी झाकून वाढणार. पहिल्या खोल चिखलात तर तो सगळा भाग ढेकळांनी गळून पडेल. आमच्या शिक्षणात जोड लपवत नाहीत. जोड उघडा ठेवतात, म्हणजे तपासता येतो. तुमच्या कामात जोड दिसला की मूर्ती परत येते. तुमचं आयुष्य त्या एका रेघेवर गेलं, साच्याच्या दोन भागांमधली रेघ नाहीशी करण्यात. आणि तुम्ही केलेल्या कुठल्याही वस्तूला दीड दिवस, पाच दिवस, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंतच टिकायचं होतं. त्यापुढचा विचार करायची वेळ तुमच्यावर कधी कुणी आणलीच नव्हती. हे मला त्या क्षणी कळलं नाही. त्या क्षणी फक्त प्लास्टर कळलं.

"फिनिशिंग चांगलं आहे," मी म्हणाले.

"चांगलं काय? जोड सापडला काय?"

"नाही."

तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. दोन्ही वाक्यं खरी होती. खोटं मी अजून बोलले नव्हते. मनात हिशेब केला, आता सीझन आहे, तुमची धावपळ आहे, दिवाळीनंतर शांतपणे सांगू आणि तुमच्यासमोरच कापू. तोपर्यंत गाडी कोरड्या रस्त्यावर ठेवायची.

पण गणपती दिवाळीच्या आधी येतात. आत्याचं गाव खारात, मिठागरांच्या पलीकडे. तुम्हीही तिथलेच. पावसाळ्यात तिकडे तेव्हा कुठलंच वाहन जात नव्हतं. वडखळच्या पुढे डांबर सुटलं की बांधावरची वाट, आणि वाटेत दोन ठिकाणी गुडघाभर चिखल. म्हणून दर वर्षी आत्याचा गणपती तुम्ही पाटावर ठेवून, वर प्लास्टिकचा कागद बांधून, डोक्यावरून न्यायचात. भावाच्या हातची मूर्ती बहिणीच्या घरी, हा तुमचा नेम. त्या वर्षी तुमच्या गुडघ्यांना सूज होती आणि जिना चढताना तुम्ही मध्येच थांबायला लागला होतात.

तुम्ही सरळ नाही विचारलंत. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "यंदा बाप्पा गाडीनं जाईल काय गो?"

मी म्हणाले, दिवाळीनंतर वाट सुकली की जाऊ.

"तवा काय, रिक्षा पण जाती. चिखलातनं गेली तर तुझी जीप खरी. बांधावर सगळी उभी राहून बघतील. गावात आजवर पावसाची गाडी आली नाय."

सगळी उभी राहून बघतील. मला नेमकं तेच दिसत होतं. अख्खा गाव बांधावर उभा, आणि चिखलातून वर येताना गाडीच्या डाव्या अंगाचं प्लास्टर काथ्यासकट गळून पडतं आहे. ज्या गावात तुमच्या हाताचं नाव होतं त्या गावात. तुम्ही पुढच्या सीटवर मांडीत गणपती घेऊन बसलेले.

मी म्हणाले, "पुढचे हब अजून तयार नाहीत. लॉक होत नाहीत. चिखलात अडकू."

तुम्ही पुढच्या चाकाकडे पाहिलंत. ही चाकं फिरताना सगळ्यांत आधी तुम्हीच पाहिली होती. मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही म्हणालात, "बरं. नाय तर नाय. बाप्पाला माझ्या डोक्याची सवय हाय."

तुम्ही निघालात तेव्हा मी दारात होते. आईने पाटाखाली डोक्यावर चुंबळ ठेवली, शेजारच्यांनी पाट उचलून दिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तुम्ही मान न हलवता, नुसते डोळे वळवून माझ्याकडे पाहिलंत, कारण डोक्यावर मूर्ती असताना मान हलवता येत नाही. मला सोबत यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं. संध्याकाळी तुम्ही परत आलात, मोरीत पाय धुतलेत, खाराचा तो काळा चिखल बराच वेळ निघत नव्हता. आईने विचारलं, कसं झालं. "झालं," तुम्ही म्हणालात.

थंडीत तुम्ही गेलात त्याचा या चालण्याशी संबंध नाही. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं होतं. मी ते तपासून घेतलं आहे आणि मान्य केलं आहे. ते इथे लिहिते, कारण अशा पत्रात माणसं स्वतःवर नको तेवढं ओढून घेतात, आणि तेही अचूक नसतं.

दिवाळीनंतर सांगायचं ठरवलेलं राहूनच गेलं होतं, आणि त्यानंतर प्लास्टर कापायचा प्रश्न मी पुढे ढकलत राहिले. जीप घरी आणली, शेड बांधली. ढग असले तर बाहेर काढत नाही. उन्हाळ्यात रोह्याला मामाकडे जाऊन येते, तेवढीच. रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं तर वळसा घेते. महिन्यातून एकदा छोटा गिअर टाकून अंगणातच पुढेमागे करते, म्हणजे आतलं तेल फिरतं. कंपनीतले लोक हसतात, "मॅडमची फोर-बाय-फोर चिखलाला घाबरते." मी त्यांना कारण सांगत नाही. चारही चाकांनी ओढणारी गाडी मी इतक्या मेहनतीने उभी केली आणि जिथे ती लागते तिथे एकदाही नेली नाही. हे यंत्राच्या दृष्टीनेही बरोबर नाही.

खारात आता सिमेंटचा रस्ता झाला आहे. यंदा आत्याकडे गणपतीला मी बसने गेले. आत्या म्हातारी झाली आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलते. मला जेवायला वाढता वाढता म्हणाली, "आलीस गो बाय. तुझ्या बापाला वाटायचं तू यायचीच नायस कधी."

मी विचारलं, असं का वाटायचं.

"त्या साली बाप्पा घेऊन आला ना डोक्यावरनं, दम लागलेला. मी बोलली, पोरीनं गाडी केलीय ना? तो बोलला, गाडी तयार हाय. चारी चाकं फिरतात, माझ्या डोल्यांनी बघितलीत. पन तिला आपला खार नको वाटतो. शिकली ती. मिठागराची मानसं, चिखल. लाज वाटत असंल. मी बोलली, इचार ना तिला. तो बोलला, कशाला इचारू? आपन शिकवली, मंग असंच व्हनार."

आत्याने माझ्या पानात अजून एक मोदक घातला. तिच्या आवाजात राग नव्हता. तिच्यासाठी ती जुनी, मिटलेली गोष्ट होती.

बाबा, हे चूक आहे. मी जे कारण दिलं ते खोटं होतं, आणि तुम्ही मनाशी जे कारण धरलंत तेही खोटं होतं. खरं कारण तिसरंच होतं आणि ते तुम्ही बसायचात त्या बादलीपासून हातभर अंतरावर होतं. तुमचं काम लोकांसमोर गळू नये म्हणून मी खोटं बोलले, आणि त्या खोट्याने तुम्हाला वाटलं की मला तुमचीच लाज वाटते. एक वाक्य पुरलं असतं. "बाबा, प्लास्टर पाण्यात टिकणार नाही." तुम्हाला वाईट वाटलं असतं, तेवढ्यापुरतं. मग तुम्ही काहीतरी थट्टा केली असती, आपण दोघांनी मिळून ते फोडलं असतं, आणि मी नवा पत्रा वेल्ड केला असता, वाकडातिकडा, जोड दिसणारा. तुम्ही म्हणाला असता, "ह्यो जोड तर रोह्यावरनं दिसतोय." आणि बाप्पा गाडीने गेला असता.

तुम्ही मला विचारलं नाहीत, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. विचारलं की उत्तर देणारी मुलगी मी नव्हते.

आत्याकडून आले आणि त्याच आठवड्यात डाव्या कडेला रंगाचे फोड दिसले. खालून तपकिरी पाणी झिरपल्याची रेघ. वडखळचा एक डेंटर बोलावला, माणूस कामाचा आहे. त्याने हाताच्या उलट्या बाजूने ठोकून पाहिलं आणि थांबला.

"मॅडम, हा पत्रा नाय. काय भरलंय ह्ये?"

"प्लास्टर."

"कुणाचं काम?"

"वडिलांचं."

"त्यांचं गॅरेज होतं?"

"नाही."

तो खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हात भारी हाय. पण आतनं खाल्लंय सगळं. चेसिसच्या ब्रॅकेटपर्यंत गंज आलाय. कापायला लागंल. नायतर वरनं लांबीचा लेप मारून देतो, साल-दोन साल दिसाया चांगलं राहील, मग गाडीच बसंल."

तांत्रिक उत्तर मला माहीत आहे. ते परीक्षेच्या पहिल्या प्रश्नाइतकं सोपं आहे. कापलं तर जीप राहील, आणि पहिल्यांदाच चिखलात जाऊ शकेल. पण कापलं की तुमच्या हातचं जे एकमेव काम विसर्जनातून वाचलं आहे ते भंगारात जाईल. तुम्ही केलेले बाकी सगळे गणपती पाण्यात गेले. तुकडा काढून कपाटात ठेवावा, असं आई म्हणते. ते मला जमणार नाही. पत्र्यापासून सुटा केला की ते काम राहत नाही, नुसतं प्लास्टर राहतं.

लहानपणी एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, एवढं केलेलं बुडवतात तर वाईट वाटत नाही का. तुम्ही म्हणाला होतात, गिऱ्हाईक घेऊन गेलं की आपलं काम संपलं. त्यावरून मी उत्तर काढू शकते. पण ते मी काढलेलं उत्तर होईल, आणि तुमच्या वतीने मी एकदा ठरवून बसले आहे. पुन्हा तसं करायचं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. तरी एक सांगायचं राहिलं. डेंटर निघताना म्हणाला, "मग काय करायचं, कापू?" आणि माझ्या तोंडून गेलं, "वडिलांना विचारून सांगते." तो वडखळचा, त्याला आपल्या घरातलं काही ठाऊक नाही. "इचारा, इचारा," तो म्हणाला. "त्यांचं काम हाय, त्यांना इचारलेलं बरं. पण शनिवारपर्यंत सांगा, रविवारी मी मोकला हाय." मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. हो म्हणाले.

तेव्हा कापायचं की ठेवायचं, ते शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.